मिशनचं कॉलेज, डार्विन आणि परभणीची बोंडअळी

गेल्या जूनमध्ये सेलूकडचे एक शेतकरी गृहस्थ घरी आले. त्यांची मुलगी पीसीबी घेऊन बारावी झालेली. नीटला मार्क कमी पडले, तेव्हा मेडिकलच्या मागे आणखी दोन वर्षं घालवायची नाहीत असं तिनं स्वतःच ठरवलं होतं. गृहस्थ खुर्चीच्या कडेवर बसले आणि पाण्याचा तांब्या बाजूला ठेवत म्हणाले, ‘सर, पोरगी म्हणायलीय मुंबईच्या मिशनच्या कॉलेजात बी. एस्सी. करते. तिथं बायबल पाठ करावं लागतं म्हणतेत. खरंय का?’ सोबत त्यांचा भाचा होता, एका कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवणारा. तो म्हणाला, ‘मामा, बायबलचं सोडा. डार्विन शिकवतेत का, ते विचारा.’

वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे दोन्ही प्रश्नांना अर्ध्या तासात उत्तरं दिली. पण ते गेल्यावर वाटत राहिलं की हा प्रश्न एवढ्यात मिटणारा नाही. ख्रिस्ती संस्थेत जीवशास्त्र शिकायचं म्हणजे नेमकं काय? तिथं श्रद्धा विज्ञानाच्या आड येते का? त्या संस्थांनी आपल्या भागाला काय दिलं, आणि परभणी जिल्ह्यातल्या मुलांच्या वाट्याला त्यातलं किती आलं? थोडं मागं जाऊन हे सगळं एकदा मांडून बघावं, म्हणून हा आढावा.

आधी एक घोळ निस्तरू. आपण सरसकट ‘मिशनचं’ म्हणतो त्यात वेगवेगळ्या पंथांच्या, वेगवेगळ्या स्वभावाच्या संस्था येतात. मुंबईचं विल्सन कॉलेज स्कॉटिश मिशनऱ्यांचं. त्याचं मूळ जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये काढलेल्या शाळेत आहे. नागपूरचं हिस्लॉप कॉलेजही स्कॉटिश परंपरेतलं, १८८३ चं. मुंबईचं सेंट झेवियर्स कॅथलिक पंथातल्या जेझुइट धर्मगुरूंनी १८६९ मध्ये काढलं. अहमदनगर कॉलेज डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये उभं केलं. मराठवाड्याला त्यातल्या त्यात जवळचं तेच. ही सगळी महाविद्यालयं आहेत. पदवी मुंबई, नागपूर, पुणे अशा सरकारी विद्यापीठांच्या छत्राखालची. झेवियर्सला २०१० मध्ये स्वायत्तता मिळाली, त्यामुळे तिथले विभाग आपला अभ्यासक्रम स्वतः आखतात. कायद्यानं ‘विद्यापीठ’ म्हणता येईल अशी आपल्या राज्यातली ख्रिस्ती संस्था म्हणजे पुण्याचं स्पायसर. सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाची ही संस्था १९१५ मध्ये दक्षिणेत सुरू झाली, १९४२ मध्ये पुण्याला आली आणि २०१४ च्या राज्याच्या कायद्यानं विद्यापीठ झाली. राज्याबाहेर बंगळूरचं क्राइस्ट, कोइमतूरचं कारुण्य आणि प्रयागराजचं सॅम हिगिनबॉटम कृषी विद्यापीठ ही नावं आपल्याकडच्या पालकांच्या कानावर असतात.

बायबलचा प्रश्न सोपा आहे. संविधानाच्या कलम ३० नं अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. कलम २८ मध्ये असंही आहे, की सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अज्ञान असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. तेव्हा सेलूच्या मुलीला बायबल पाठ करावं लागणार नाही. वाचावंसं वाटलं तर तिनं जरूर वाचावं. मराठी गद्य घडवणाऱ्या पुस्तकांत त्याचं मराठी भाषांतर मोडतं.

भाच्याचा प्रश्न मात्र अवघड आहे आणि त्याचं उत्तर पंथागणिक बदलतं.

कॅथलिक चर्चचं डार्विनशी वैर आहे, असा आपल्याकडे अनेकांचा समज आहे. गॅलिलिओची गोष्ट शाळेत ऐकलेली असते, तीच पुढे ओढली जाते. प्रत्यक्षात १९५० मध्ये पोप बारावे पायस यांनी मानवी शरीराच्या उत्क्रांतीचा अभ्यास आणि त्यावरची चर्चा करायला मुभा दिली. आत्मा मात्र देवानं निर्माण केला, ही श्रद्धा त्यांनी राखली. १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी पुढं जाऊन मान्य केलं, की उत्क्रांती आता नुसतं गृहीतक राहिलेली नाही. जेझुइटांच्या महाविद्यालयात उत्क्रांती शिकवताना शिक्षकाला धर्माची अडचण येण्याचं कारणच उरत नाही. स्कॉटिश परंपरेतल्या जुन्या महाविद्यालयांत सरकारी विद्यापीठाची पदवी मिळते आणि तिच्या अभ्यासक्रमात उत्क्रांती असतेच.

अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाची गोष्ट निराळी. देवानं सहा दिवसांत सृष्टी घडवली, हे त्यांच्या अधिकृत श्रद्धेचं कलम आहे. २०१५ मध्ये त्यांच्या जागतिक अधिवेशनात त्या कलमाची भाषा आणखी काटेकोर झाली. ती निर्मिती अलीकडची आणि आपल्या आठवड्यातल्यासारख्याच सहा दिवसांची, असं स्पष्ट लिहिलं गेलं. त्याआधी २००९ च्या सुमारास याच पंथाच्या, कॅलिफोर्नियातल्या ला सिएरा विद्यापीठात मोठा वाद पेटला होता. पदवीच्या जीवशास्त्राच्या वर्गात प्राध्यापक उत्क्रांती खरी मानून शिकवतात, अशी तक्रार चर्चमधल्या काहींनी केली. एका बाजूला शास्त्राचा पुरावा, दुसऱ्या बाजूला फी भरणाऱ्या घरांची श्रद्धा, आणि मध्ये अठरा-वीस वर्षांची मुलं. त्या मुलांची घालमेल मला समजते. घरी जे पवित्र म्हणून शिकलो ते वर्गात प्रश्नाला येतं, तेव्हा मूल कुठल्याही धर्मातलं असो, त्याच्या पोटात कालवाकालव होतेच.

म्हणून अशा संस्थेत प्रवेश घेताना सरळ विचारावं: उत्क्रांतीचे किती तास असतात, पुस्तक कोणतं लावलंय, आणि ती शास्त्र म्हणून शिकवता की ‘काही लोक असं मानतात’ एवढंच सांगून पुढे जाता? असं विचारण्यात अवमान नाही. जी संस्था मोकळेपणानं उत्तर देईल, तिच्यावर विश्वास ठेवावा.

पण भाच्याला मी आणखी एक गोष्ट सांगितली. डार्विनवर बोट उगारलं गेलं ते आपल्याच मराठवाड्यात, आणि ते कुठल्या चर्चमधून नव्हतं. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादच्या वैदिक संमेलनात तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे आणि तो अभ्यासक्रमातून काढायला हवा, असं जाहीरपणे म्हटलं. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कुणी पाहिल्याचं लिहून ठेवलेलं नाही, हा त्यांचा मुद्दा. देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून त्याचा इन्कार केला. पुढे २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गळला, तेव्हा अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी पत्रावर सह्या केल्या. आपल्या बालभारतीच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. तेव्हा एखादी संस्था डार्विन शिकवते का, हा प्रश्न तिच्या दारावर क्रूस आहे की कमळ की चंद्रकोर, हे न बघता सगळ्यांनाच विचारला पाहिजे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. या संस्थांनी आपल्या मातीला जीवशास्त्रात काय दिलं?

नागपूरपासून सुरुवात करावी लागते. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले. धर्मप्रसारक, मराठी शिकलेले, शाळा काढणारे. त्यांची नजर सारखी जमिनीकडे असायची. नागपूरजवळच्या टाकळीला काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचे, वनस्पतींचे, अगदी भुंग्यांच्या पंखांचेही जीवाश्म त्यांना सापडले. मांगलीला एका प्राचीन उभयचराची कवटी मिळाली. लंडनमध्ये जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८५० च्या दशकात तिला ब्रॅकिऑप्स हे नाव देऊन तिचं वर्णन प्रसिद्ध केलं. नागपूरच्याच पाण्यात वाढणाऱ्या एका सूक्ष्म प्राण्याला निसर्गअभ्यासक कार्टर यांनी १८५८ मध्ये ‘हिस्लोपिया’ म्हटलं. ते नाव आजही टिकून आहे. डार्विनचं पुस्तक निघालं १८५९ मध्ये, म्हणजे त्याच्या आधी एक पाद्री नागपूरच्या रानात दगड फोडून पृथ्वीच्या म्हातारपणाचे पुरावे गोळा करत होता. १८६३ मध्ये पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा अंत झाला. वीस वर्षांनी कॉलेजला त्यांचं नाव मिळालं.

त्या टाकळीच्या थरांचा अर्थ परभणीच्या मुलाला घरबसल्या कळू शकतो. आपल्याकडे विहीर खोदताना काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये कुठं कुठं तांबड्या मातीचा पट्टा लागतो. विहिरीत उतरून बघावं. वरचा पाषाण घट्ट, खाली वीत-दोन वीत विटकरी रंगाचा, नखानं खरवडला तर भुकटी होणारा पट्टा, आणि त्याच्या खाली पुन्हा पाषाण. हे सगळे लाव्ह्याचे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. एक लाव्हा थंड झाला, त्यावर ऊन-पाऊस पडून माती झाली, मग दुसरा लाव्हा येऊन त्यावर पसरला. टाकळीला तर मधल्या काळात तळी झाली, तळ्यात गोगलगायी जगल्या, मेल्या. सहा दिवसांत हे होत नाही. हे सांगायला कुणाच्या श्रद्धेचा अपमान करावा लागत नाही. मुलांना विहिरीपाशी न्यावं आणि बघू द्यावं, एवढंच.

दुसरी गोष्ट मुंबईची. झेवियर्समध्ये एथलबर्ट ब्लॅटर नावाचे स्विस जेझुइट आले. १९०६ पासून त्यांनी वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह उभा करायला घेतला. तोच आजचा ब्लॅटर वनस्पतिसंग्रह, म्हणजे हर्बेरियम. चार्ल्स मॅक्कॅन यांच्याबरोबर त्यांनी मुंबई इलाख्यातल्या गवतांवर ग्रंथ लिहिला, ताडवृक्षांवर लिहिलं, काश्मीरच्या फुलांवर लिहिलं. १९३४ मध्ये ते वारले. त्याआधी, १९१७ च्या सुमारास ब्रह्मदेशातून परत आलेला एक तरुण हिशेब आणि व्यापारी कायदा शिकत होता. त्याचा जीव पक्ष्यांत आहे हे ब्लॅटर यांनी ओळखलं आणि त्याला प्राणिशास्त्राकडे वळवलं. सकाळी व्यापाराचे वर्ग करून तो झेवियर्समध्ये प्राणिशास्त्राच्या तासांना बसू लागला. तो तरुण म्हणजे सालिम अली. मुस्लिम घरातला मुलगा, ख्रिस्ती धर्मगुरू शिक्षक, आणि शिकायचं काय, तर सुगरण आणि खंड्या. पुढं १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला सालिम अलींनी निजामाच्या हैदराबाद राज्यातल्या पक्ष्यांचं सर्वेक्षण केलं. तेव्हा आपली परभणी त्याच राज्यात होती.

ब्लॅटर यांच्यानंतर त्याच कॉलेजात फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव आले. मूळचे स्पेनचे. खंडाळ्याच्या आणि पुरंदरच्या वनस्पतींवर त्यांनी पायी भटकून ग्रंथ लिहिले आणि पुढं भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेची धुरा सांभाळली. देश स्वतंत्र झाल्यावर देशातल्या झाडांची मोजदाद कशी करायची, हे ठरवणाऱ्या माणसांत ते होते. पुढं मार्सेलिन आल्मेडा यांनी ब्लॅटर संग्रहातच बसून महाराष्ट्राच्या वनस्पतींचे खंड काढले.

मी तरुणपणी तो संग्रह बघायला गेलो होतो. लाकडी कपाटांचे दरवाजे उघडले की डांबरगोळीसारखा वास येतो. जाड कागदावर वाळलेलं झुडूप दोऱ्यानं शिवलेलं. एक पान पालथं करून लावलेलं, कारण मागच्या बाजूची लव बघावी लागते. खाली उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी: नाव, जागा, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि क्रमांक. शंभर वर्षांनंतरही त्या कागदाशी वाद घालता येतो. ‘हे झाड तिथं नव्हतंच’ असं कुणी म्हणालं, तर कपाट उघडून दाखवता येतं. जीवशास्त्राचा सगळा प्रामाणिकपणा त्या चिठ्ठीत आहे. मला विचाराल, तर ख्रिस्ती संस्थांनी आपल्या भागाला दिलेलं सगळ्यात मोठं देणं हेच: नमुना जपायचा, त्यावर खरी तारीख घालायची आणि तो सगळ्यांसाठी उघडा ठेवायचा.

आणखी एक देणं भाषेचं. १८४२ मध्ये अमेरिकन मराठी मिशननं अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक काढलं. त्यात धर्माबरोबर प्राणी, पृथ्वी आणि शरीराबद्दलचे लेख मराठीत येत. प्रसाराचा हेतू होताच, तो लपवलेला नव्हता. पण गावाकडच्या वाचकाशी त्याच्या भाषेत विज्ञान बोलायचं, हे त्यांनी तेव्हा केलं. याच परंपरेतल्या कॉलेजांत आज वनस्पतिशास्त्र बहुतेक इंग्रजीतच चालतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आमच्याकडची मुलं दहावीपर्यंत पेशी, ऊती, परागीभवन शिकतात आणि अकरावीत सगळं इंग्रजीत ऐकून गप्प होतात. हुशार मूल वर्गात बोलायचं थांबतं. त्याला विषय येत असतो, पण शब्द सापडत नाही.

मग मराठवाड्याला यातलं काय मिळालं? फार थोडं. १८४३ मध्ये ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्री यांनी पुढं जालन्याजवळ बेथेल ही वस्ती उभी केली. निजामाचे मंत्री सालारजंग यांनी त्यासाठी जमीन दिली होती. शेती, शाळा आणि हातकामाची ती वस्ती होती. पण तिथं झेवियर्ससारखं कॉलेज उभं राहिलं नाही. निजाम राज्यात उच्च शिक्षणाचं केंद्र हैदराबाद होतं आणि १९१८ मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाची भाषा उर्दू. वनस्पतिशास्त्रज्ञ कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची जी मोठी सूची केली, तिच्या नकाशात परभणी बसलीच नाही, कारण आपण इलाख्यात नव्हतो. कोकणातल्या आणि देशावरच्या झाडांना नोंद मिळाली, आपल्या गोदाकाठच्या बाभळी-तरवडांना वाट बघावी लागली. ती भरपाई केली सरकारी विद्यापीठानं. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये सुरू झालं आणि तिथल्या प्रा. व्ही. एन. नाईक यांनी १९९८ मध्ये मराठवाड्याच्या वनस्पतींचा दोन खंडांचा ग्रंथ पुरा केला. कुक यांच्यानंतर नव्वद वर्षांनी. झेवियर्सच्या कपाटांचं मी वर कौतुक केलं, ते खरंच आहे. पण नाईक सरांच्या खंडांपुढे मी जास्त झुकतो, कारण आमच्या शेताच्या धुऱ्यावरचं गवत त्यांच्यामुळे पुस्तकात आलं.

आता परभणीचं खास. जीवशास्त्राच्या पदवीत मेंडेल सगळ्यांना शिकावा लागतो. ग्रेगॉर मेंडेल ऑगस्टिनियन मठातला साधू, ब्रनो गावचा. मठाच्या बागेत वाटाण्याची हजारो रोपं वाढवून त्यानं आनुवंशिकतेचे नियम काढले आणि १८६६ मध्ये छापले. विज्ञानातला हा पायाचा दगड मठात घडला, हे विसरू नये. त्या मठातून निघालेली रेघ सरळ परभणीच्या कृषी विद्यापीठात येते. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात भेंडीवरच्या पिवळा केवडा या विषाणूजन्य रोगावर उपाय शोधताना लागवडीच्या ‘पुसा सावनी’ वाणाचा संकर भेंडीच्या एका रानटी भाऊबंदाशी केला. मग संकरित रोपं पुन्हा पुन्हा लागवडीच्या भेंडीशी जुळवत नेली आणि त्यातून १९८० च्या दशकात ‘परभणी क्रांती’ आली.

हे काम जवळून बघण्यासारखं असतं. भेंडीचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारनंतर मिटतं. आदल्या संध्याकाळी, उद्या उमलणार अशी कळी निवडायची. चिमट्यानं पाकळ्या हलकेच बाजूला करून पुंकेसर खुडायचे, स्त्रीकेसराला धक्का लावायचा नाही. कळीवर कागदी पिशवी, देठाला चिठ्ठी. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या झाडाचं ताजं फूल आणून त्याचे परागकण त्या स्त्रीकेसराच्या टोकावर टेकवायचे, पुन्हा पिशवी. मेंडेलनं वाटाण्यात हेच केलं होतं. आमच्या वेळी हे प्रॅक्टिकल फळ्यावर चित्र काढून व्हायचं, सूक्ष्मदर्शक कुलपात असायचे आणि किल्ली शिपायाकडे. पण कृषी विद्यापीठाच्या मळ्यात एका माणसानं मला हे हातात चिमटा देऊन शिकवलं, तो दिवस मी विसरलो नाही.

‘परभणी क्रांती’ देशभर गेली. पुढं मात्र ठिकठिकाणी केवडा तिच्यावरही पडू लागला. विषाणू बदलला होता. वाणानं बहुतेक विषाणू अडवले, तरी जे थोडे त्याला चुकवून जगले त्यांची पिलावळ वाढली. हाच डार्विन.

हे मी सेलूच्या गृहस्थांना सांगत होतो, तेव्हा ते पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, ‘म्हंजे आमच्या बोंडअळीवाणी?’ अगदी तसंच. बीटी कापूस २००२ मध्ये आला, २००६ मध्ये दोन जनुकांचा आला. सुरुवातीला बोंडअळी मरायची, फवारण्या कमी झाल्या. गुलाबी बोंडअळी आपल्याकडे जवळजवळ फक्त कापसावरच जगते. तिच्यातल्या लाखांत एखाद्या अळीला बीटी कापसातल्या विषाचं काही वाटत नव्हतं. तिच्या भावंडांना विष मारत गेलं, ती उरली आणि तिचा वंश पसरला. २०१७ च्या हंगामात मराठवाडा-विदर्भात बोंडं फोडली की आत गुलाबी अळी. परभणीतल्या कित्येक घरांनी त्या वर्षी उभ्या पिकात नांगर घातला.

यावर उपाय होता, आणि तो मेंडेल अन् डार्विन दोघांना जोडणारा. साडेचारशे ग्रॅमच्या बीटी बियाण्याच्या पिशवीसोबत एकशे वीस ग्रॅमची साध्या कापसाची छोटी पिशवी यायची. ती कडेनं पेरायची. त्या साध्या कापसावर साध्या अळ्या जगतात. त्यांचे पतंग विष पचवणाऱ्या पतंगांशी जुळले, तर पुढच्या पिढीला एका बाजूनं प्रतिकाराचं जनुक आणि दुसऱ्या बाजूनं साधं येतं. प्रतिकाराचा गुण अप्रभावी असल्यामुळे असली पिल्लं बीटी कापसावर मरतात. बहुतेकांनी ती पिशवी धुऱ्यावर टाकून दिली. ‘ती कशाला पेरायची?’ हे त्यांना कुणी मराठीत, शेतात उभं राहून सांगितलंच नाही. पिशवीवरच्या बारीक अक्षरांत ते होतं. गृहस्थ खाली बघत म्हणाले, ‘आम्हीबी टाकली.’

आता मुलीच्या दृष्टीनं थोडं. झेवियर्स, विल्सन किंवा हिस्लॉपला गेली तर तिला काय मिळेल? मुंबईत संग्रहालयं, नॅचरल हिस्ट्री सोसायटी, समुद्रकिनारा हाताशी. नागपूरला जंगलं जवळ. परभणीहून देवगिरी किंवा तपोवन एक्सप्रेसनं रात्र नाहीतर दिवस काढला की मुंबई. अडचण खर्चाची: वसतिगृह, मेस, पुस्तकं. अल्पसंख्याक संस्थेत काही जागा त्या समाजासाठी राखीव असतात, त्यामुळे बाकीच्यांसाठी चुरस जास्त. गावाकडून आलेल्या मुलीला इंग्रजी बोलणाऱ्यांच्या गर्दीत पहिलं सत्र जड जातं. दोन वर्षांत ती सावरते, असा माझा अनुभव आहे. पण तोवर कुणीतरी पाठीशी लागतं.

जिल्ह्यात राहिली तर काय? परभणीची, गंगाखेडची, जिंतूरची महाविद्यालयं १९९४ पासून नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या छत्राखाली आहेत. अभ्यासक्रम कागदावर फारसा वेगळा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०११ पासून टप्प्याटप्प्यानं प्राण्यांचं विच्छेदन बंद केलं. त्यानंतर काही ठिकाणी प्रात्यक्षिकाचे तासच बंद झाल्यासारखे झाले आहेत. बेडूक गेला, त्याच्या जागी काही आलं नाही. वास्तविक जिंतूरहून येलदरीचं धरण जवळ, थोडं पुढे लोणारचं खारं सरोवर, कंठेश्वरला गोदावरी-पूर्णेचा संगम. एवढी प्रयोगशाळा उघड्यावर असताना जर्नलमध्ये पुस्तकातून चित्रं उतरवून घेतली जातात. नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्रप्रकल्पाला श्रेयांक ठेवले आहेत. ते श्रेयांक खरंच रानात जाऊन मिळवले गेले तर बरं.

जीवशास्त्राची पदवी घेऊन पुढे काय, हे आईबाप विचारतातच. जामखेडचं उदाहरण मी नेहमी देतो. बीडच्या पलीकडच्या शिवेवरचं ते गाव. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले रजनीकांत आणि मेबल आरोळे १९७० मध्ये तिथं येऊन राहिले. निरक्षर, बऱ्याचदा दलित बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडवलं. बाळंतपण, बाळाचं वजन, जुलाब झाले तर मीठ-साखरेचं पाणी, स्वच्छ पाणी. जीवशास्त्र कुठवर जाऊ शकतं, ते तिथं दिसतं. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुरस्काराहून मोठी गोष्ट ही, की गावातली बाई दुसऱ्या बाईला शरीराबद्दल सांगू लागली.

म्हणून संस्था निवडताना मी तीन गोष्टी बघायला सांगितल्या. प्रयोगशाळेतल्या कपाटांची कुलपं मुलांसाठी उघडतात का. वर्षातून किती दिवस रानात नेतात. आणि उत्क्रांतीचा तास टाळतात का. क्रूस असो, नसो. या तिन्ही गोष्टी जिथं सापडतील तिथं मुलीनं जावं, आणि जिल्ह्यातच सापडल्या तर जिल्ह्यातच राहावं, असंही बोललो.

मुलगी मुंबईलाच गेली. ऑगस्टमध्ये गृहस्थांचा फोन आला. ‘सर, पोरीनं धुऱ्यावरचा तरोटा मागवलाय. मुळासकट, फुलासकट. वर्गात प्रत्येकानं आपल्या गावचं झाड आणायचंय म्हणती. दाबायला कागद कोणता घ्यायचा?’ मी म्हणालो, जुना पेपर चालतो, गुळगुळीत मासिकाचा नको. माती झटकून घ्या, पानं एकमेकांवर येऊ देऊ नका, एखादं पान पालथं ठेवा. वर पाट ठेवून त्यावर दगड ठेवा. दिवस पावसाचे आहेत, कागद रोज बदला, नाहीतर बुरशी येईल. आणि चिठ्ठीवर गावाचं नाव, शेताचा गट नंबर आणि तारीख तुमच्याच हातानं लिहा, गोळा करणाऱ्याच्या जागी तुमचं नाव घाला. ते थोडं थांबले. मग विचारलं, ‘तारीख मराठीत लिहिली तर चालती का?’ चालते, म्हटलं.